अमेरिकेतल्या राज्यांचा कॉर्पोरेट इन्कम टॅक्स : शिकायचा कुठे आणि कसा?

खराडीचा_कारकून

नमस्कार मंडळी. मी एम.कॉम., सीए इंटर (दुसरा ग्रुप अजून लोंबकळतोय). खराडीत एका अमेरिकन फर्मच्या फेडरल टीममध्ये आहे. फॉर्म ११२० (कंपनीचं फेडरल रिटर्न) भरून भरून हात बसलाय. पुढच्या महिन्यापासून स्टेट टीममध्ये बदली झालीय आणि पोटात गोळा आलाय.

ट्रेनिंग म्हणाल तर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि एक अवाढव्य एक्सेल शीट. उभी राज्यांची यादी, आडवे रकाने : रेट, फॉर्म नंबर, ड्यू डेट, एक्स्टेंशन, बोनस डेप्रिसिएशन चालतं की नाही, तोटा किती वर्षं पुढे नेता येतो, वगैरे. पाठ करायला बसलो. आर्कान्सॉला पोचेपर्यंत अलाबामा विसरलो.

ईएचे (एन्रोल्ड एजंट) तिन्ही पेपर झालेत, पण ती परीक्षा आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याची, त्यामुळे सगळं फेडरल. आपल्याकडे कंपनीच्या नफ्यावर राज्य सरकार कर लावतच नाही. शेतीचं उत्पन्न सोडलं तर इन्कम टॅक्स केंद्राचा, आणि राज्याकडे काय तर प्रोफेशन टॅक्स, तोही वर्षाला २५०० रुपयांच्या वर नाही. त्यामुळे एकाच नफ्यावर दहा राज्यं हक्क सांगतात हे डोक्यात शिरायलाच वेळ लागतोय. एखादा चांगला कोर्स, सर्टिफिकेट, पुस्तक? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

उगाच_एक

त्यापेक्षा पन्नास राज्यांच्या राजधान्या पाठ करा. क्विझमध्ये बक्षीस तरी मिळेल.

लेक_मिशिगन

कारकूनराव, ते एक्सेल आधी बंद करा. ते ज्याला विषय येतो त्याने बघायचं असतं. शिकायला त्याचा शून्य उपयोग.

मी शिकागोजवळ असतो, सीपीए (इथला सीए म्हणा) आहे, आयुष्य स्टेट टॅक्समध्येच गेलं. नवीन मुलांना मी तीन प्रश्न देतो, आणि क्रम मोडू देत नाही. एक, या राज्याला या कंपनीवर कर लावायचा अधिकार पोचतो का? त्याला नेक्सस म्हणतात. दोन, पोचत असेल तर मोजायला सुरुवात कुठल्या आकड्यापासून? तीन, त्या आकड्यातला किती हिस्सा या राज्याचा? ते ॲपोर्शनमेंट. रेट सगळ्यात शेवटी येतो. तो तर कुणीही गुणेल.

राज्यांचा हिशोबही एकदा नीट लावून घ्या. कॉर्पोरेट इन्कम टॅक्स असलेली राज्यं ४४. उरलेल्या सहापैकी साउथ डकोटा आणि वायोमिंग इथे काहीच नाही. नेवाडा, ओहायो, टेक्सास, वॉशिंग्टन यांचे कर वेगळ्या जातीचे, नफ्यावर नाही तर ढोबळ जमेवर किंवा मार्जिनवर. त्यांना 'टॅक्स नसलेली राज्यं' म्हणून सोडून देणारा ट्रेनर दिसला तर त्या वर्गातून उठून या.

आता पहिला प्रश्न. १९५९ साली सुप्रीम कोर्टाने एका सिमेंट कंपनीच्या खटल्यात सांगितलं की बाहेरच्या राज्यातली कंपनी असली तरी तिच्या तुमच्या राज्यातल्या धंद्याच्या नफ्यावर तुम्ही वाजवी हिस्सा लावून कर घेऊ शकता. व्यापाऱ्यांनी एवढी बोंब मारली की काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, त्याच वर्षी कायदा केला : पब्लिक लॉ ८६-२७२. तुमचा माणूस त्या राज्यात जाऊन फक्त मालाच्या ऑर्डरी मागतो, ऑर्डर मंजूर होते बाहेर, माल येतो बाहेरून, तर ते राज्य तुमच्या निव्वळ नफ्यावर कर लावू शकत नाही. हा कायदा आजही तसाच उभा आहे.

मग 'फक्त ऑर्डरी मागणं' म्हणजे काय, यावर पुढची सगळी भांडणं. रिग्ली या च्युइंग गमच्या कंपनीचा १९९२ चा निकाल पूर्ण वाचा, सारांश नको. कंपनी शिकागोची, वाद विस्कॉन्सिनशी. विक्रेते दुकानात जायचे, ऑर्डर घ्यायचे, इथपर्यंत ठीक. पण ते रॅकवरचं शिळं गम काढून नवीन ठेवायचे, आणि रॅक रिकामा असेल तर स्वतःजवळचा माल भरून दुकानदाराच्या नावे लावायचे. कोर्ट म्हणालं, शिळा माल बदलणं हे ऑर्डर मागण्याचं काम नाही, ते कंपनीने एरवीही केलंच असतं. शिवाय हे इतकंही किरकोळ नाही की डोळेझाक करावी. संरक्षण गेलं. गाडीच्या डिकीतल्या गमने कर लागला! हा एक निकाल नीट वाचला की उद्या क्लायंटच्या विक्रेत्यांना काय काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

नवीन_सभासद_ठाणे

पण वेफेअरच्या निकालानंतर सगळीकडे १ लाख डॉलर किंवा २०० व्यवहार झालं ना? मग ८६-२७२ राहिलंच कुठे?

लेक_मिशिगन

नाही हो. वेफेअर (२०१८) सेल्स टॅक्सचा निकाल. ते १ लाख आणि २०० साउथ डकोटाच्या सेल्स टॅक्सच्या तेव्हाच्या कायद्यातले आकडे. हे दोन कर एकत्र शिकवल्याने जो घोळ होतो तो आयुष्यभर टिकतो.

इन्कम टॅक्सचे आकडे वेगळे. उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात २०२४ साठी तिथली विक्री ७,३५,०१९ डॉलरच्या वर गेली की तुम्ही तिथे 'धंदा करता', ऑफिस असो वा नसो. पेनसिल्व्हेनियात ५ लाख. पण हे ओलांडलं तरी माल विकणाऱ्याला ८६-२७२ ची ढाल उरतेच. सेवा विकणाऱ्याला, सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनवाल्याला ती ढाल कधीच नव्हती, कायद्यात शब्दच 'हाताळता येण्याजोगा माल' असे आहेत. आणि ओहायो, वॉशिंग्टनसारख्या ढोबळ जमेवरच्या करालाही ती लागू नाही, कारण तो निव्वळ नफ्यावरचा कर नव्हे.

मल्टिस्टेट टॅक्स कमिशनने (राज्यांची कराबाबतची सामाईक संस्था) २०२१ मध्ये भूमिका घेतली की वेबसाइटवरून विक्रीनंतरची मदत देणं वगैरे गोष्टींनी ढाल जाते. कॅलिफोर्नियाने तेच एका मेमोत लिहिलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या कोर्टाने तो मेमो रद्द केला, कारण नियम करायची रीतसर प्रक्रियाच केली नव्हती. न्यूयॉर्कने त्याच महिन्यात तशाच धर्तीचे नियम रीतसर आणले. आता बोला. म्हणून म्हणतो, रकान्यात 'हो/नाही' लिहून हे शिकता येत नाही.

हिंजवडी_फेज_३

लेक काका, तुमचं सगळं शिरसावंद्य. पण मी इथे टीम चालवते, थोडं वास्तव सांगते. मार्चमध्ये माझ्याकडे फाइल येते तेव्हा नेक्ससचा निर्णय अमेरिकेतल्या सीनियरने आधीच घेतलेला असतो. आमच्या वाट्याला तुमचा दुसरा प्रश्न : फेडरल ११२० ची ओळ २८ घ्या, त्यात राज्याप्रमाणे मिळवा-वजा करा, यालाच मॉडिफिकेशन म्हणतात. मुलगा रिग्ली वाचून आला, छान. पण मॉडिफिकेशन चुकलं तर रिव्ह्यू नोट रिग्लीवर येत नाही, माझ्यावर येते.

कारकून, तुम्हाला खरी कामाची गोष्ट दाखवते. क्लायंटने १ लाख डॉलरचं पाच वर्षांच्या वर्गातलं मशीन घेतलं. फेडरलला १०० टक्के बोनस डेप्रिसिएशन (घसारा), पहिल्याच वर्षी सगळं खर्ची. इलिनॉयसारखं राज्य हा बोनस मानत नाही. तर १ लाख परत मिळवायचे आणि नेहमीच्या तक्त्याने २०,००० वजा करायचे. दुसऱ्या वर्षी ३२,००० वजा. इथपर्यंत सगळ्यांना येतं, कारण गेल्या वर्षीची फाइल रोल फॉरवर्ड केली की शेड्यूल पुढे येतं.

तिसऱ्या वर्षी मशीन ४०,००० ला विकलं. विक्रीच्या वर्षी अर्धंच डेप्रिसिएशन, ९,६००. म्हणजे राज्याच्या वहीत एकूण ६१,६०० गेले, ३८,४०० उरले. फेडरलला वहीत शून्य, म्हणून नफा ४०,०००. राज्याला नफा फक्त १,६००. फरकाचे ३८,४०० वजा करायला हवेत, आणि ही वजाबाकी हमखास राहून जाते, कारण विक्री फॉर्म ४७९७ वर असते आणि डेप्रिसिएशनचं शेड्यूल बघणारा माणूस वेगळा. राज्य स्वतःहून सांगणार नाही की बाबा, तू जास्त भरलास.

तेव्हा माझं मत : पहिल्या सीझनला मॉडिफिकेशन पक्की करा. बोनस, राज्यांना भरलेला कर परत मिळवणं (काही राज्यं फक्त स्वतःचा मिळवायला सांगतात, काही सगळ्यांचा), अमेरिकन सरकारच्या रोख्यांवरचं व्याज, ग्रुपमधल्या कंपनीला दिलेली रॉयल्टी आणि व्याज, आणि तोटा. तोट्याचा तर खेळखंडोबा आहे. फेडरलला ८० टक्क्यांची मर्यादा, पेनसिल्व्हेनियाची स्वतःची वेगळी टक्केवारी, इलिनॉयने काही वर्षं १ लाख डॉलरवर अडवलं आणि मग ५ लाख केलं, कॅलिफोर्नियाने २०२४ ते २०२६ मोठ्या कंपन्यांना तोटा वापरायलाच बंदी केली.

लेक_मिशिगन

मशीनचं उदाहरण झकास. हे तुमच्या व्हिडिओत घाला.

पण 'नेक्सस वरचे लोक बघतात' यावर माझा आक्षेप कायम. फाइलचं ट्रायल बॅलन्स वरचे लोक बघत नाहीत, तुमची मुलं बघतात. पेरोल रजिस्टरमध्ये नव्या राज्याचं नाव पहिल्यांदा त्यांना दिसतं. त्याचा अर्थ माहीत नसेल तर ते टिक मारून पुढे जातात.

एडिसनकर_मावशी

लेक यांना +१०००. न्यू जर्सीतला टेलिब्राइटचा निकाल (२०१२) याचसाठी सांगते मी सगळ्यांना. कंपनी मेरीलँडची. न्यू जर्सीत ऑफिस नाही, गिऱ्हाईक नाही, काही नाही. एक कर्मचारी घरून काम करायची, लॅपटॉपवर कोड लिहायची. कोर्ट म्हणालं, रोज आमच्या राज्यात बसून कंपनीचं काम होतंय, कर भरा. आमच्या एडिसन-इझलिनमध्ये तर गल्लीगल्लीत असे लॅपटॉप. कोविडनंतर माझ्याकडे आलेल्या निम्म्या छोट्या कंपन्यांना हे माहीतच नव्हतं.

आणि रिटर्न भरलंच नाही तर मुदतीचं घड्याळ सुरूच होत नाही. राज्य पंधरा वर्षं मागे जाऊ शकतं. अशा वेळी आधी व्हॉलंटरी डिस्क्लोजर करायचं. राज्याने पत्र पाठवायच्या आत आपणहून गेलं तर साधारण मागच्या तीन-चार वर्षांचंच मागतात आणि दंड बहुधा सोडतात. पत्र आल्यावर तो दरवाजा बंद.

आता मूळ प्रश्न, कोर्सचा. कारकूनदादा, मी ईए आहे, सीपीई (परवाना टिकवायला लागणारं शिक्षण) दरवर्षी करावंच लागतं (तीन वर्षांत ७२ तास, दर वर्षी किमान १६, त्यात नीतिमत्तेचे २). त्यातलं बरंचसं पाहून झालंय. तास म्हणजे पन्नास मिनिटं, बरं का. वेबिनार लाइव्ह असेल तर मध्येमध्ये पोल येतो, उत्तर दिलं नाही तर क्रेडिट नाही. मी पोळ्या लाटताना कोपराने 'ब' दाबलेलं आहे, प्रमाणपत्र छापून भिंतीला लावलेलं आहे. ज्ञान किती वाढलं ते विचारू नका!

चांगलं काय? आयपीटी म्हणून संस्था आहे, त्यांचे स्टेट इन्कम टॅक्सचे वर्ग गंभीर असतात आणि सीएमआय ही पदवी त्यांचीच. परीक्षा कठीण आहे. कॉस्ट ही मोठ्या कंपन्यांची संघटना, त्यांची शाळाही चांगली. पण दोन्हीची फी डॉलरमध्ये, तुमच्या फर्मने भरली तरच जा. स्वतःच्या पगारातून नको.

हिंजवडी_फेज_३

मावशी, फर्म भरत नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तर नाहीच.

एडिसनकर_मावशी

मग फुकटातलं सोनं घ्या. कॅलिफोर्नियाच्या फ्रँचाइज टॅक्स बोर्डाचं ऑडिटरांना शिकवायचं मल्टिस्टेट मॅन्युअल त्यांच्याच वेबसाइटवर आहे. समोरचा पक्ष काय शोधतो ते त्यानेच लिहून ठेवलंय, आणखी काय हवं? कंबाइन्ड रिपोर्टसाठी (ग्रुप कंपन्यांचा एकत्र हिशोब) त्यांचं पब्लिकेशन १०६१. मल्टिस्टेट टॅक्स कमिशनचे मॉडेल नियमही फुकट, उदाहरणांसकट. आणि प्रत्येक राज्याच्या फॉर्मच्या सूचना. हो, सूचना! त्या कुणी वाचत नाही म्हणून तर आमचं दुकान चालतं.

पार्टनरशिपवाला

यातच पीटीईटी (पास-थ्रू एंटिटीवरचा राज्याचा कर) आणि राज्यांच्या कराच्या फेडरल वजावटीवरच्या मर्यादेबद्दलही कुणी लिहाल का? माझ्याकडे एस कॉर्प आहे...

संपादक

पास-थ्रू एंटिटीसाठी (जिच्या नफ्यावरचा कर मालक भरतात) कृपया वेगळा धागा काढावा. इथे सी कॉर्पोरेशनपुरतंच राहू या.

खराडीचा_कारकून

सगळ्यांचे मनापासून आभार. हिंजवडीताई, ते ३८,४०० मी वहीत मांडून बघितले, आता डोक्यात बसले. लेक काका, तिसरा प्रश्न राहिला, हिस्सा कसा काढायचा तो. व्हिडिओत 'सिंगल सेल्स फॅक्टर' म्हणून एक स्लाइड आली आणि गेली.

लेक_मिशिगन

तीच स्लाइड खरा विषय आहे.

१९५७ च्या आदर्श कायद्यात तीन घटक होते : मालमत्ता, पगार, विक्री. राज्यातला भाग भागिले सगळीकडचा, तिन्हींची सरासरी. मग राज्यांना वाटलं, आपल्याकडे कारखाना टाकणाऱ्यालाच आपण मालमत्ता आणि पगाराच्या घटकातून जास्त कर लावतोय, हा कसला शहाणपणा? आयोवाने फक्त विक्रीचा घटक वापरला, तो सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये मान्य केला. आज बहुतेक राज्यं त्याच वाटेवर आहेत, कॅलिफोर्निया २०१३ पासून. गंमत अशी की प्रत्येक राज्य आपापलं सूत्र वापरतं, त्यामुळे सगळ्या राज्यांची बेरीज १०० टक्के येईलच असं नाही. जास्तही येते, कमीही. कमी आली तर कंपनी खूश, आणि तिथेच थ्रोबॅक येतो.

आकडे घेऊ. कंपनी इलिनॉयची, कारखाना तिथे. विक्री १ कोटी डॉलर : इलिनॉय ३० लाख, विस्कॉन्सिन ४० लाख, केंटकी ३० लाख. नफा १० लाख. विस्कॉन्सिनमध्ये गोदाम आहे, तिथे कर लागतोच. केंटकीत फक्त ऑर्डरी मागणारे विक्रेते, म्हणजे ८६-२७२ ने संरक्षित, केंटकीला शून्य. मग इलिनॉय म्हणतं, माल माझ्याकडून निघाला आणि तिकडे तुझ्यावर कर लागू शकत नाही, तर ते ३० लाख माझ्या खात्यात परत टाक. हिस्सा ३० टक्क्यांचा ६० होतो. इलिनॉयचा ७ आणि रिप्लेसमेंट टॅक्सचा २.५ धरून ९.५ टक्के. कर २८,५०० च्या जागी ५७,०००.

आता केंटकीतल्या विक्रेत्यांनी थोडी दुरुस्ती-जोडणीही केली, ढाल गेली, तर केंटकीत ५ टक्क्यांनी ३ लाखांवर १५,००० भरावे लागतील आणि इलिनॉयचे २८,५०० वाचतील. म्हणजे नेक्सस लागणं इथे फायद्याचं! पहिला प्रश्न तिसऱ्याला असा जोडलेला असतो. हिंजवडीताई, म्हणून मी क्रमाचा हट्ट धरतो.

कंबाइन्ड रिपोर्टबद्दल आज लांबण लावत नाही. एवढंच : एकमेकींशी धंद्याने जोडलेल्या ग्रुप कंपन्यांचं उत्पन्न एकत्र करून मग हिस्सा काढायचा, असं कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यूयॉर्क, न्यू जर्सी इत्यादी सांगतात. पेनसिल्व्हेनिया प्रत्येक कंपनीचं वेगळं मागतं. कॅलिफोर्निया एके काळी जगभरच्या कंपन्या ओढायचं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंटेनर कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये लढून पाहिलं, ब्रिटनच्या बार्कलेज बँकेने १९९४ मध्ये, दोघेही हरले. आता 'वॉटर्स एज' (हिशोब साधारण अमेरिकेपुरता) हा पर्याय घेता येतो, पण एकदा घेतला की ८४ महिने बांधलेले.

सदाशिवपेठी_सीए

धागा उत्तम चाललाय. एक बाजू राहिली म्हणून लिहितो, कारण इथे ती रोज भेटते.

पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी, अमेरिकेत ऑफिस नाही, माणूस नाही, सगळं काम बाणेरमधून. मालक निर्धास्त : 'भारत-अमेरिका करार आहे, पीई (तिथलं कायमचं ठिकाण) नाही, टॅक्स नाही.' अर्धसत्य! करारात अमेरिकेच्या बाजूने आहे तो फेडरल इन्कम टॅक्स. राज्यं त्या कराराला बांधील नाहीत. काही राज्यांची सुरुवातच फेडरल करपात्र उत्पन्नापासून होते, तिथे फेडरलला शून्य म्हणून राज्यालाही शून्य निघतं. पण कॅलिफोर्निया कराराची सवलत ओळखत नाही. तिथली गिऱ्हाइकं त्या ७ लाखांच्या आकड्याच्या वर गेली की प्रश्न उभा राहतो. आणि ८६-२७२ मदतीला येत नाही, एक तर सेवा, वर तो कायदा अमेरिकेतल्या राज्याराज्यांमधल्या व्यापारापुरता.

इकडच्या क्रेडिटचंही बघा. कराराखाली कलम ९० ने क्रेडिट मिळतं ते फेडरलचं. राज्याच्या करासाठी १९६१ च्या कायद्याचं कलम ९१ वाचायचं, त्याच्या स्पष्टीकरणात त्या देशाच्या 'कोणत्याही भागाच्या' सरकारने लावलेला नफ्यावरचा कर येतो. टाटा सन्सच्या प्रकरणात मुंबईच्या ट्रिब्युनलने राज्यांच्या कराचं क्रेडिट दिलं होतं. आता नव्या कायद्यात कलमांचे नंबर बदलले, तेव्हा जुना नंबर चिकटवू नका. माझ्या मते पुण्या-मुंबईतल्या सीएंना हा विषय अमेरिकन नोकरीपेक्षा स्थानिक निर्यातदारांसाठी जास्त लागतो, आणि आपल्या सेमिनारांत त्याच्यावर एक तासही नसतो. ट्रान्स्फर प्रायसिंगवर मात्र दर महिन्याला चहा-समोसा.

उगाच_एक

समोसा कलम कितीखाली येतो?

सदाशिवपेठी_सीए

व्यवसाय प्रोत्साहन. पूर्ण वजावट.

हिंजवडी_फेज_३

लेक काका, केंटकीचं उदाहरण वाचून गप्प बसले. तुमचा क्रम मान्य, पण शिकवायचं वेळापत्रक माझं. जून ते ऑगस्टमध्ये निकाल वाचू, तेव्हा वेळ असतो. जानेवारीपासून मॉडिफिकेशन. आणि सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक रिटर्न कागदावर, हे दोघांनाही चालेल ना?

लेक_मिशिगन

धावेल. कारकूनराव, तुम्हाला गृहपाठ. हवाईमध्ये अजून तिन्ही घटक समान वजनाने धरतात. कंपनीची मालमत्ता मूळ किमतीने सरासरी ७८ लाख डॉलर, त्यातली २ लाखांची हवाईत. भाड्याची जागा एकच, होनोलुलूत, वर्षाला २५,०००. पगार ६० लाख, हवाईत ३ लाख. विक्री १ कोटी, हवाईत २० लाख. नफा १० लाख. हवाईचा वाटा?

खराडीचा_कारकून

भाडं आठपटीने मालमत्तेत धरायचं, मॉडेल नियमांत वाचलं. म्हणजे २ लाख. हवाईत ४ लाख, एकूण ८० लाख : ५ टक्के. पगार ५ टक्के. विक्री २० टक्के. सरासरी १० टक्के, वाटा १ लाख. फक्त विक्रीचा घटक असता तर २ लाख झाला असता.

एक शंका : ७८ लाखांत मशिनरी पुस्तकी किमतीने घ्यायची की मूळ? क्लायंटच्या ट्रायल बॅलन्समध्ये दोन्ही दिसतात.

लेक_मिशिगन

उत्तर बरोबर. मूळ किंमत, डेप्रिसिएशन वजा न करता, वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची यांची सरासरी. पूर्ण घासलेलं मशीनही वापरात असेल तर मोजायचं. आता त्या विक्रीच्या २० लाखांपैकी ५ लाख सेवांचे आहेत असं धरा. सेवा दिली सॅन डिएगोतून, गिऱ्हाईक होनोलुलूत. ते कुठल्या राज्यात मोजायचे ते शोधून इथे लिहा. सूचना मावशींनी सांगितलेल्या जागीच सापडतील.

एडिसनकर_मावशी

आणि कॅलिफोर्नियाच्या बाजूनेही त्याच ५ लाखांचं उत्तर लिहा हो. दोन्ही राज्यांचं एकच येतं का बघू.